मोया माफी

ज्या वर्षी आमच्या पाणीपुरवठा कंपनीला उत्कृष्ट सेवेचा सन्मान मिळाला, त्या वर्षी मी जितका थकलो तितका जन्मात कधी थकलो नव्हतो. जलवाहिनी फुटली की माणूस दमतो, पण ते दमणं सरळ असतं. खड्ड्यात उतरायचं, गळती थांबवायची, हातपाय धुवायचे आणि झोपायचं. सन्मानाचं काम असं संपत नाही. आपण चांगलं काम करतो हे दाखवण्यासाठी आधी ते काम बाजूला ठेवावं लागतं, आणि मागे पडलेलं काम मग सुट्टीच्या दिवशी उरकावं लागतं. आमच्या व्यवसायातला हा मोठा मान आहे म्हणतात. असेल. मला त्या वर्षी फक्त घरी जायचं होतं.

खमीस मुशैत हे डोंगरावरचं शहर. इथे थंडी पडते, धुकं उतरतं, स्वेटर लागतो, असं सांगितलं की नाशिकची मंडळी मला थापाड्या समजतात. त्यांच्या डोक्यातला सौदी म्हणजे नुसती वाळू. पाणी मात्र इथलं नाही. खाली तांबड्या समुद्राकाठी खारं पाणी गोडं करतात आणि पंपांनी डोंगर चढवून वर आणतात. ते शहरात पोचलं की कुठल्या भागाला किती दाबाने आणि कधी द्यायचं, हे बघणं माझं काम. सखल भागाला दाब वाढवला की उंचावरच्या गल्ल्या कोरड्या पडतात, उंचावर नेला की खाली जुने पाइप फुटतात. या तोंडमिळवणीत माझी नोकरीची वर्षं गेली. बायको मुलाच्या शिक्षणासाठी नाशिकला, मी इथे ‘बॅचलर’. आखाती देशांत बॅचलर म्हणजे लग्न न झालेला नव्हे, बायको जवळ नसलेला. शब्दांची अशी वाट लावलेली मला सहन होत नाही, पण हा शब्द हल्ली मीही स्वतःबद्दल बिनदिक्कत वापरतो.

शब्दांचं हे खूळ आईकडून आलं. आई शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यावरही तिने शिकवणं सोडलं नाही, फक्त विद्यार्थी बदलले. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, पुढाऱ्यांची पोस्टरं, सगळ्यांच्या चुका ती उभ्या उभ्या काढायची. मी इंजिनिअर झालो, परदेशी गेलो, केस पांढरे झाले, तरी फोनवर दोन वाक्यं बोललो की तिसरं वाक्य तिच्या दुरुस्तीचं असायचं. मी वैतागायचो. आणि मीही तसाच झालो. समोरच्याने चुकीचा शब्द वापरला, किंवा बरोबर शब्दाचा चुकीचा अर्थ घेतला, की माझी जीभ शिवशिवते. या सवयीने मी किती माणसं दुखावली असतील ते तीच जाणोत.

त्या वर्षी आईच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली होती. आधी वस्तू, मग वार, मग माणसं. ती माझ्या धाकट्या बहिणीकडे राहायची, आमच्या तालुक्याच्या गावी. एके दिवशी दुपारी बहिणीचा फोन आला. ती रडत नव्हती. रडून झालं होतं तिचं.

“दादा, आज तिने मला विचारलं, तुम्ही कोणाकडच्या?” ती म्हणाली. “तुझं नाव अजून घेते. रोज घेते. पण किती दिवस घेईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. ओळखते आहे तोवर येऊन जा.”

मी फोन ठेवला आणि तसाच उठून मुदीरकडे गेलो. मुदीर म्हणजे आमचा विभागप्रमुख, याच शहरातला तरुण सौदी. माझ्याहून वयाने खूप लहान, वागायला चांगला. मला नावाने कधी हाक मारायचा नाही, ‘मुहंदिस’ म्हणायचा, म्हणजे इंजिनिअर. मी आईचं सांगितलं. त्याने माझा हात हातात घेतला आणि खाली बघत म्हणाला, “मुहंदिस, सन्मानाचा परीक्षक पुढच्या आठवड्यात येतोय. दाबाचं गणित तुझ्याशिवाय कोणाला येतं? एवढी पाहणी पार पडू दे. त्याच्या दुसऱ्या दिवशी तू विमानात.” त्याने खरोखरच तिकीट काढायला लावलं. जाऊन परत येण्याचा व्हिसाही तयार ठेवला. मी बहिणीला कळवलं. आईच्या कानाशी फोन धरून तिने मला बोलायला लावलं, “आई, पुढच्या आठवड्यात येतोय,” आणि आई म्हणाली, “ये. गरम कपडे घालून ये.” तिला माझं डोंगरावरचं गाव आठवत होतं. मला बरं वाटलं.

आता त्या शब्दाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

मी इथे नवीन होतो तेव्हा मला अरबीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ ऑफिसात येऊन माझ्या टेबलावर हात आपटत म्हणाले, “मोया माफी! मोया माफी!” मोया म्हणजे पाणी एवढं मला कळलं होतं. माफी तर आपलाच शब्द. आपल्याकडे निवडणूक आली की कर्जमाफी, वीजबिल माफी, पाणीपट्टी माफी. मी नगरपालिकेच्या गावातून आलेला माणूस. मी अत्यंत नम्रपणे त्यांना इंग्रजीत समजावलं की पाणीपट्टी माफ करायचा अधिकार माझा नाही, त्यासाठी वर अर्ज करावा लागेल. ते गृहस्थ आणखी चिडले. मी आणखी नम्र झालो. शेवटी शिपायाने त्यांना बाहेर नेलं.

संध्याकाळी हे मी आमच्या इमारतीखालच्या किराणा दुकानदार चाचांना सांगितलं. चाचा रायगडच्या किनाऱ्यावरचे, इथे येऊन म्हातारे झालेले. माझं मराठी बोलणं त्यांच्यापाशीच चालायचं. ते हसून हसून गल्ल्यावर वाकले.

“अरे बाबा, तुजी माफी वेगली, यांची माफी वेगली! ‘मा फी’ म्हंजे नाय. मोया माफी म्हंजे पानी नाय. तो बिचारा पानी नाय म्हनून बोंबलतोय आनि तू त्याला बिलाचा कायदा शिकवतोस?”

त्या दिवसापासून हा शब्द माझ्या कानात पक्का बसला. चावी माफी, चहा माफी, पगार माफी. अख्खा देश माफी माफी म्हणत असतो आणि क्षमा कोणीच मागत नसतं.

परीक्षक आला तो आपलाच माणूस निघाला. मूळचे लखनौकडचे, निवृत्त इंजिनिअर, बरीच वर्षं लंडनला राहिलेले. पांढरी मिशी, गोड हिंदी. अरबी मात्र एक अक्षर नाही. मी भारतीय म्हणून मुदीरने मला त्यांच्या दिमतीला दिलं. दोन दिवस मी त्यांना पंपघर, टाक्या, प्रयोगशाळा, तक्रार केंद्र असं सगळीकडे फिरवलं. सगळं चकाचक होतं. का नसेल? महिनाभर आम्ही दुसरं केलं काय होतं! ज्या मोठ्या रस्त्यावरून त्यांना न्यायचं होतं त्या भागाचा दाब मुदीरच्या सांगण्याप्रमाणे मी वाढवून ठेवला होता. नळ सोडला की पाणी भिंतीवर उडत होतं. परीक्षक खूश, मुदीर खूश. मी मनात बॅग भरत होतो.

शेवटच्या दुपारी गाडी वळणावर थांबली. मुदीरला फोन आला म्हणून तो गाडीपाशीच राहिला. वरच्या बाजूला एक अरुंद गल्ली डोंगराकडे चढत गेली होती, आणि तिच्या तोंडाशी, आपल्या दारात, एक म्हातारी बाई आमच्याकडे बघत उभी होती. अंगावर इकडच्या डोंगराळ भागातला भरतकामाचा झगा, डोक्याला पिवळा रुमाल. परीक्षक मला म्हणाले, “चलिए, इन से भी मिल लेते हैं।” हे घर कार्यक्रमात नव्हतं. मी मागे वळून मुदीरकडे बघितलं, तो पाठमोरा होता. परीक्षकसाहेब चालायलाही लागले होते.

म्हातारीने आम्हाला दारातच बसायला लावलं. आतून तिच्या सुनेने गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पाठवला, खजूर पाठवले. पाहुण्याला गहवा दिल्याशिवाय तक्रारसुद्धा करायची नाही, अशी ही माणसं. साहेबांनी पहिला घोट घेतला आणि म्हातारीने सुरुवात केली. दोन्ही हात पुढे पसरून, मान हलवत, अगदी कळवळून, “मा फी मोया. वल्लाह, मा फी. मा फी.”

साहेबांचा चेहरा एकदम हळवा झाला. त्यांनी पेला खाली ठेवला, तिच्यापुढे हात जोडले आणि मला म्हणाले, “अरे, इन से कहिए, माफ़ी की क्या बात है! इतनी ख़ातिर की, और ऊपर से माफ़ी माँग रही हैं। क्या तहज़ीब है इन लोगों की!”

मला त्या क्षणी काही करायचं नव्हतं. नुसतं हसून “जी” म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिकीट खिशात होतं. पण मी फार थकलेलो होतो, आणि थकलेला माणूस सवयीने बोलतो.

“सर,” मी म्हटलं, “वो माफ़ी नहीं माँग रहीं। ‘मा फी’ मतलब ‘नहीं है’। पानी नहीं आ रहा, बोल रही हैं।”

हे प्रामाणिकपणातून आलं असं कोणी म्हटलं की मला संकोच होतो. प्रामाणिकपणा वगैरे काही डोक्यात नव्हतं. चुकीचा अर्थ कानावर पडला आणि दुरुस्ती बाहेर पडली, एवढंच. वाक्य संपलं तेव्हा कुठे मला माझी आई आठवली.

साहेबांनी दारात बूट काढले. मग आत जाऊन नळ सोडला. नळ नुसता फुसफुसला. म्हातारीने अंगणातली जमिनीखालची टाकी उघडून दाखवली, तळ दिसत होता. गहवा केला होता तो बाटलीच्या पाण्याचा. आम्ही खालच्या रस्त्याचा दाब वाढवला तेव्हापासून ती गल्ली कोरडी होती, आणि वायत, म्हणजे टँकर, त्या चढावर यायला तयार नव्हता. मुदीर धावत वर आला तोवर सगळं बघून झालं होतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

सन्मानाचा निर्णय लांबणीवर पडला. साहेब म्हणाले, कोरड्या गल्ल्यांचं काय करता ते मला दाखवा, मी पुन्हा येईन. संध्याकाळी मुदीरने मला बोलावलं. टेबलावर माझा पासपोर्ट होता. तो त्याने उचलला आणि पुन्हा खणात ठेवला.

“मुहंदिस, तूच पाणी नाही म्हणालास. आता तूच वर चढव. तो परत आला, सन्मानाचं उरकलं, की जा. माझा शब्द.”

“माझी आई—” मी म्हटलं.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “माझीही आहे. पण मलाही वरती उत्तर द्यायचंय.” तो खोटं बोलत नव्हता. तोही माझ्यासारखाच पिचलेला होता, त्याची खुर्ची थोडी मोठी होती इतकंच.

खाली चाचांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. “गप ऱ्हायाला काय झालता तुला? म्हातारी माफी मागते म्हनतोय ना तो, तर मागू दे! तुजी आई तिकडं वाट बगते आनि तू इकडं त्याची शिकवनी घेतोस?” त्यांनी न मागता मला चहा दिला.

रात्रंदिवस राबलो असं म्हणणार नाही, पण मन लावून राबलो. पहिल्यांदाच त्या वर्षी खरं काम करत होतो. खालच्या भागाचा दिखाऊ दाब उतरवला, वरच्या गल्ल्यांसाठी एक जुना बूस्टर पंप दुरुस्त करून घेतला, पाणी सोडायच्या पाळ्या नव्याने बसवल्या. दुसऱ्या एखाद्या वर्षी मला या कामाचा आनंद झाला असता. त्या वर्षी प्रत्येक कामाकडे मी एकाच नजरेने बघत होतो, हे लवकर संपेल की उशिरा.

मधे एकदा बहिणीने फोन लावून दिला. आईचा आवाज स्वच्छ होता. तिने नावाने हाक मारली, म्हणाली, “येतोस ना रे?”

“सुट्टी भेटली की लगेच येतो, आई.”

“सुट्टी भेटत नाही,” आई म्हणाली. “मिळते. भेटतात ती माणसं.”

मी इतका जोरात हसलो की शेजारच्या टेबलावरचा इजिप्शियन दचकला. मग मला रडू आलं, तेही त्याने बघितलं. बहीण पलीकडून म्हणत होती, “बघ, आज किती छान आहे ती!” खरंच छान होती. त्यानंतरच्या फोनवर ती ऐकायची, हूं हूं म्हणायची, आणि फोन बहिणीकडे देऊन विचारायची, “कोण होते?”

साहेब परत आले. थेट त्या म्हातारीच्या दारात गेले. तिने नळ सोडून दाखवला, टाकी दाखवली, आणि या खेपेला मुदीरला आईच्या मायेने चार शब्द सुनावले. साहेबांनी अभिमानाने “मोया फी!” म्हणून दाखवलं, म्हणजे पाणी आहे. सगळे हसले. मीही हसलो असेन.

सन्मान मिळाला. हॉटेलच्या हॉलमध्ये समारंभ झाला, मोठ्या पडद्यावर आमचे पंप चमकले. मानपत्रात कामगिरीची वाखाणणी होतीच, पण विशेष उल्लेख होता तो उणीव न लपवण्याच्या संस्कृतीचा. ती संस्कृती म्हणजे माझं एक वाक्य होतं, आणि तेही तोंडातून निसटलेलं. मुदीरने मला ओढून स्टेजवर नेलं, माझ्या दोन्ही गालांना गाल लावले. टाळ्या वाजल्या. मला तिथे खाली बसावंसं वाटत होतं. सगळ्यांना सन्मानाची भेट म्हणून निळी जाकिटं मिळाली, छातीवर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह. दुसऱ्या दिवशी मुदीरने दिलेला शब्द पाळला. पासपोर्ट स्वतः आणून माझ्या हातात दिला. “यल्ला, मुहंदिस, नीघ. आईला माझा सलाम सांग.”

विमान, मग मुंबई, मग गाडी. सकाळच्या गारठ्यात जाकीट अंगातच राहिलं. बहीण दूध आणायला गेली होती, दार आईने उघडलं. बारीक झाली होती. केस नीट विंचरलेले, पदर खांद्यावरून घेतलेला, शाळेत जाताना घ्यायची तसा. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. तिची नजर छातीवरच्या थेंबावर गेली आणि तिथेच थांबली.

“आलात एकदाचे?” आई म्हणाली. “नगरपालिकेतून ना? या. किती दिवस झाले, नळाला टिपूस नाही. सांगून सांगून जीभ झिजली माझी.”

मागे ओट्याखाली भरलेले हंडे, कळश्या, बादल्या ओळीने ठेवलेल्या मला दिसत होत्या. आमच्या गावाला पाणी आठ-आठ दिवस येत नाही, भरून ठेवावं लागतं. लहानपणी मीच भरायचो.

मी आई म्हणून हाक मारणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण तिने हात वर करून मला थांबवलं, वर्गात थांबवायची तसं, आणि जरा जवळ येऊन आवाज खाली आणला. मोठ्या बाईने परक्या माणसाला विनंती करावी तशी ती बोलली.

“एरवी मी तुम्हाला त्रास दिला नसता हो. पण माझा मुलगा यायचाय, सौदीहून. फार लांबून येतोय. आल्या आल्या त्याला आंघोळीला तरी पाणी नको का?”

सगळं गाव तिला बाई म्हणायचं. मी कधीच म्हटलं नव्हतं.

“सोडतो, बाई,” मी म्हटलं. “आज सोडतो पाणी.”